डावीकडचा बाण

मी पियानो जुळवतो. चाळीस वर्षं झाली.
तार केसभर उतरली तरी
माझ्या मानेला आधी कळतं.
हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे
याचं लक्षच नसतं, असं कुणी म्हणू नये.

माँट्रियलमध्ये, शाबो रस्त्यावर,
मादाम उएलेतच्या घरासमोर एक खांब आहे.
त्यावर पाच पाट्या.
सगळ्यात वर: गाडी लावू नये, मंगळवारी,
साडेआठ ते साडेनऊ, एप्रिल ते डिसेंबर.
तिच्या खाली: शाळेच्या दिवशी सात ते सतरा,
फक्त पाच मिनिटं.
तिच्या खाली: चोपन्न नंबरचा परवाना असल्यास हे लागू नाही.
हे म्हणजे कुठलं? वरचं, की खालचं?
मग: नव्वद मिनिटं, बाण डावीकडे.
आणि तळाशी सुतळीनं बांधलेला नारिंगी पुठ्ठा:
बर्फ उचलणार, एकोणीस ते सात.
त्याचा बाण वाऱ्यानं फिरून
थेट मादामच्या स्वयंपाकघरावर रोखलेला.

मंगळवार होता, पण मार्च होता.
हातमोजा काढून मी बोटांवर हिशेब केला,
बोटं बधिर झाली, हिशेब जमला.
एक तास दहा मिनिटांनी खाली आलो,
तर वायपरखाली पावती, कडक, गोठलेली.
लोखंडाच्या दंडाला
कागदाचा दंड फुटलेला.
सत्याऐंशी डॉलर.
पियानोचे मिळाले होते एकशेवीस.
राहिले तेहेतीस,
यात मादामनं बांधून दिलेला केक धरलेला नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी चढलो. सहा फोटो घेऊन.
न्यायाधीशबाईंनी पहिला फोटो उलटा धरला,
मग सुलटा, मग चष्मा काढून.
म्हणाल्या, डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?
तुमच्या, की खांबाच्या?
मी तोंड उघडलं.
अजून कधीकधी रात्री
त्याचं उत्तर जुळवत पडलेला असतो.
सत्याऐंशी तर गेलेच, वर खर्चाचे बावीस.

आता गाडी तीन गल्ल्या सोडून लावतो
आणि हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून चालत येतो.
परवा खांबाखाली चौघं उभी होती.
न्हावी विल्नेर म्हणाला, वरून खाली वाचायचं.
वरच्या बाल्कनीतून कुणी ओरडलं, खालून वर!
एक पोरगी फोनवर फोटो वडिलांना पाठवत होती,
आणि चौथी होती तीच, पावत्या फाडणारी,
हिरवं जाकीट, नाक लाल,
ओठ हलवत वाचत होती,
परीक्षेच्या दारात मुलं उजळणी करतात तशी.
तुमची गाडी कुठं लावता, मी विचारलं.
ती म्हणाली, मी मेट्रोनं येते.
हसली नाही. मीही हसलो नाही.
विल्नेर मात्र डोळे पुसेस्तोवर हसला.

सगळे पांगल्यावर मी पेटी उघडली.
नाद-चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला
आणि त्याचं बूड खांबाला टेकवलं.
पाचही पाट्या थरथरल्या,
प्रत्येक आपल्या खिळ्यापुरती,
एकीचा सूर दुसरीशी नाही.
पण खांब, आतून पोकळ, मोकळा,
बराच वेळ गुणगुणत राहिला.
मी कान लावला. लोखंड गार होतं,
कानाची पाळी चिकटायला आली.

वरून मादामनं खिडकी वाजवली.
चहा निवतोय, रेज्याँ,
आणि मधल्या सप्तकातला तो सा
पुन्हा उतरलाय.